रेघ सरकवण्याआधी

सोलापूरचा जुना सर्वेक्षण नकाशा स्कॅन करून, त्यावरचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे धरून उपग्रहचित्रावर टाकला, तर भुईकोट किल्ला जागेवर बसत नाही. शंभर मीटरहून जास्त बाजूला पडतो. माउसने ओढून बसवायला हात शिवशिवतात. पण आधी बघायचं, फरक कसा पडलाय.

सगळंच एका दिशेला सारखं सरकलेलं असेल, तर फरक मोजणीच्या पायातला. जुने भारतीय नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेत. जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस-८४ या दुसऱ्या, नव्या आकारावर. दोन्हींच्या विषुववृत्तीय त्रिज्येत सुमारे ८६० मीटरचा फरक आहे आणि केंद्रंही वेगळी. म्हणून एकाच बुरुजाला दोन अक्षांश-रेखांश मिळतात, दोन्ही आपापल्या हिशेबात बरोबर. हे काम रूपांतराच्या सूत्राचं.

फरक कडेकडेला वाढत गेला, तर संशय कागदावर. घड्या पडलेला, दमटपणाने ताणलेला गावनकाशा बसवायला नकाशा आणि उपग्रहचित्र, दोन्हीकडे ओळखू येणारे बिंदू लागतात. इथे एक गंमत होते. तीनच बिंदू दिले की संगणक चूक शून्य दाखवतो आणि माणूस खूश! ती शून्य येणारच: नकाशा सरकवणाऱ्या, फिरवणाऱ्या, ताणणाऱ्या साध्या रूपांतरात सहा अज्ञात संख्या, आणि तीन बिंदूंची, प्रत्येकी दोन, समीकरणंही सहाच. खरी पारख जास्तीच्या बिंदूंवर होते. त्यातले काही तर गणितात न घालता फक्त पडताळणीला ठेवावेत.

बिंदू म्हणून बुरुजाचा कोपरा किंवा जुन्या पुलाचं टोक चांगलं. तलावाच्या पाण्याची कड नको, उन्हाळ्यात ती कुठल्या कुठे जाते. बांध तर नकोच. नांगरटीगणिक तो कसा सरकतो, हे भाऊबंदकी पाहिलेल्याला सांगायला नको.

आणि बाकी सगळं बसूनही एकाच गटाची हद्द बसत नसेल, तर तिला हात लावू नये. नकाशा रबरासारखा ताणणारं सॉफ्टवेअर तीही गुमान बसवून देईल. पण तिथे मोजणीची चूक असेल, नाहीतर जमिनीवरच काही बदललं असेल: रस्ता रुंद झाला, वाटणी झाली, अतिक्रमण झालं. ते जागेवर जाऊनच कळतं.

रेघा जुळल्या तरी नावं उरतात. एका नकाशात एकरुख तलाव, दुसऱ्यात हिप्परगा तलाव. संगणक नुसती अक्षरं ताडून पाहील तर त्याला हे दोन तलाव वाटतील. आकृत्या किती एकमेकींवर पडतात ते मोजलं, तर एकच. मग दोन्ही नावं ठेवायची, आणि पाण्याच्या प्रत्येक कडेसोबत ती कोणत्या तारखेची, हेही.