पिकअप तेच, जोडणी वेगळी

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज आवडेनासा झाला की बरेच जण थेट नवे पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे चुंबक आणि वायरच्या वेढ्यांचे, म्हणजे कॉइलचे, संच) शोधू लागतात. माझा आग्रह आहे की आधी स्विचची जोडणी तपासा. त्याच दोन पिकअपमधून निराळे आवाज निघतात आणि खर्चही फारसा येत नाही.

फेंडर टेलिकास्टरचंच बघा. नेहमीच्या तीन जागांच्या स्विचवर मधल्या जागी दोन्ही पिकअप पॅरलल, म्हणजे शेजारी-शेजारी, जोडलेले असतात. चार जागांचा स्विच बसवला की तेच पिकअप सिरीजमध्येही, म्हणजे एकामागोमाग जोडून, वाजवता येतात. प्रत्येक कॉइलचा रोध ६ किलोओहम धरला, तर मल्टिमीटर पॅरललमध्ये ३ दाखवेल, सिरीजमध्ये १२. पण आवाज ठरतो तो मुख्यतः इंडक्टन्सवर, म्हणजे बदलत्या प्रवाहाला विरोध करण्याच्या कॉइलच्या गुणावर. सिरीजमध्ये इंडक्टन्सची बेरीज होते, केबलच्या कपॅसिटन्सबरोबरचा (विद्युतभार साठवण्याच्या गुणाबरोबरचा) अनुनाद खालच्या वारंवारतेवर सरकतो, आणि आवाज मोठा, भरदार, थोडा काळोखा होतो. पॅरललमध्ये तो उजळ राहतो, तारा सुट्या सुट्या ऐकू येतात.

घरघरीचं गणित मला सगळ्यात सुंदर वाटतं. तारेच्या कंपनातून येणारा सिग्नल चुंबकाचा ध्रुव आणि वेढ्यांची दिशा या दोन्हींवर अवलंबून असतो. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघर मात्र चुंबकाला जुमानत नाही, ती फक्त वेढ्यांची दिशा पाहते. म्हणून दुसऱ्या कॉइलमध्ये ध्रुव आणि दिशा दोन्ही उलटवले, की तारेचा सिग्नल दोनदा उलटून सुलट होतो. घरघर एकदाच उलटते आणि पहिल्या कॉइलमधली घरघर खोडून काढते. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी घडवलेल्या हंबकरचं, म्हणजे घरघर खोडणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपचं, मर्म हेच. त्यासाठी पेटंटचा अर्ज १९५५ सालचा.

फेज, म्हणजे एका पिकअपच्या सिग्नलची दिशा, उलटवणारा स्विच मी सगळ्यांना सुचवणार नाही. दोन पिकअप एकमेकांविरुद्ध लावले की खर्ज कापला जातो आणि उरतो बारीक, नाकातला आवाज. क्वीन या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी मात्र वडिलांसोबत घरी बनवलेल्या गिटारवर तीन पिकअप सिरीजमध्ये जोडले आणि प्रत्येकाला चालू-बंद व फेज असे दोन स्विच दिले. तिथे या स्विचांचं खरंच सोनं झालं.

टेलिकास्टरवर सिरीज किंवा फेजचं काम काढलंत, तर एक गोष्ट आधी करा. नेक पिकअपचं (गिटारच्या मानेजवळच्या पिकअपचं) धातूचं झाकण बहुधा कॉइलच्याच एका वायरमार्गे ग्राउंड केलेलं, म्हणजे सर्किटच्या शून्य बाजूला जोडलेलं, असतं. तो छोटा जोड कापून झाकणाला ग्राउंडची स्वतंत्र वायर डाग द्या. नाहीतर झाकणच सिग्नलच्या वाटेत येतं आणि बोट लागताच गिटार गुरगुरते.