गजर-रेडिओ : घरगुती वापर व सुरक्षितता (कोल्हापूर)

गजराचे घड्याळ आणि रेडिओ एकाच पेटीत बसवलेले, उशाशी ठेवायचे विजेवरील उपकरण. ठरवलेल्या वेळी त्यातला रेडिओ आपोआप सुरू होतो. हवे असल्यास रेडिओऐवजी नुसता भुंग्यासारखा आवाज, म्हणजे बझर, लावता येतो. बोलण्यात कोणी त्याला घड्याळाचा रेडिओ म्हणतो, कोणी रेडिओचे घड्याळ. सुरक्षिततेच्या दृष्टीने दुसरे नाव अधिक नेमके आहे. रेडिओ दिवसातून तासभर चालतो, घड्याळ चोवीस तास. पुढच्या बटणाने बंद होतो तो फक्त रेडिओ. पिन बोर्डात असून बोर्डाचे बटण चालू आहे तोवर आतल्या रोहित्राचे, म्हणजे ट्रान्स्फॉर्मरचे, पहिले वेटोळे २३० व्होल्टवर जोडलेलेच राहते. या दुहेरीपणाची खूण मानकांतही दिसते. घरगुती विजेवर चालणारी इलेक्ट्रॉनिक घड्याळे २०१२ च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात आली; त्यांचे सुरक्षा-मानक आयएस (भारतीय मानक) ३०२ च्या दुसऱ्या भागातील २६ वा विभाग हे आहे, तर रेडिओसारख्या ध्वनी-उपकरणांसाठी आयएस ६१६ हे वेगळे मानक होते.

उगम : गजराच्या घड्याळाचा जनक म्हणून अमेरिकेतील लेव्ही हचिन्स (१७८७) याचे नाव पुष्कळदा दिले जाते, पण त्याचे घड्याळ पहाटे चारलाच वाजे, वेळ बदलता येत नसे. हवी ती वेळ लावता येणाऱ्या यांत्रिक गजराचे पेटंट फ्रान्समध्ये आंत्वान रेदिये याने १८४७ मध्ये घेतले. घरगुती गजराची सुरुवात तेथून धरणे जास्त सयुक्तिक. रेडिओ आणि गजर यांच्या जोडणीचे श्रेय १९४० च्या दशकातील जेम्स रेनॉल्ड्स यांना व स्वतंत्रपणे पॉल श्रॉथ यांना दिले जाते. मात्र घड्याळ बसवलेले रेडिओ त्याआधीच्या दशकातही विकले जात होते, त्यामुळे ‘पहिला’ कोण हे व्याख्येवर ठरते. पेटी कोणी जोडली यापेक्षा विजेच्या कंपनांवर घड्याळ चालवण्याची कल्पना अधिक निर्णायक मानावी लागेल. हेन्री वॉरन यांनी १९१६ मध्ये बॉस्टनच्या वीजकेंद्रात मुख्य घड्याळ बसवून पुरवठ्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची कंपने, स्थिर राखण्याची सोय केली. त्यानंतरच चावी न देता चालणारे घरगुती विद्युत् घड्याळ भरवशाचे झाले. ‘आणखी थोडे झोपू द्या’ हे बटण, म्हणजे स्नूझ, १९५६ मध्ये जनरल इलेक्ट्रिक-टेलिक्रॉनच्या घड्याळात आले. ती डुलकी नऊच मिनिटांची का, याची दोन स्पष्टीकरणे आहेत. जुन्या यंत्रात दातेरी चाकांच्या सोयीमुळे दहाला थोडे कमी असे अंतर बसले, हे एक; अंकीय घड्याळात मिनिटाचा शेवटचा एकच आकडा तपासला की नऊपर्यंत भागते, हे दुसरे. दुसरे चतुर असले तरी नऊ मिनिटे अंकीय घड्याळांआधीचीच असल्याने पहिले अधिक ग्राह्य वाटते.

कंप्रता व वेळ : विजेवरचा गजर-रेडिओ बहुधा वेळ स्वतः मोजत नाही, तो पुरवठ्याची कंपने मोजतो. भारतात ही कंपने सेकंदाला ५० (५० हर्ट्झ), अमेरिकेत ६०. आखाती देश सरसकट एक धरले जातात, पण येथे फरक आहे : दुबई, कुवेत, ओमान येथे ५० हर्ट्झ, तर सौदी अरेबियात ६०. शिवाय सौदीत घरगुती विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, दीर्घकाळ १२७ व्होल्टचाही होता. त्यामुळे दुबईहून आणलेला संच कोल्हापुरात निमूट चालतो आणि सौदीहून आणलेला एक तर तासाला दहा मिनिटे मागे पडतो, नाही तर लावताक्षणी जळतो. मागे पडण्याचा हिशेब सोपा आहे. ६० कंपनांचे घड्याळ रात्री दहाला बरोबर लावून पाचचा गजर दिला, तर त्याचे सात तास आपले ८ तास २४ मिनिटे होतात आणि गजर ६ वाजून २४ मिनिटांनी होतो. तालमीत जाणाऱ्याची जोर-बैठकांची वेळ तोवर टळलेली असते.

पुष्कळ संचांच्या पाठीवर किंवा सेलच्या कप्प्यात ५०/६० असा छोटा खटका असतो. तो आधी पाहावा. ११० व्होल्टच्या संचासाठी लोक स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर घेतात. तो दाब उतरवतो, कंप्रता बदलत नाही. साठावर बेतलेले रोहित्र पन्नासावर चालवले की त्याचा लोहगाभा लवकर संपृक्त होतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावत नाही, बिनकामाचा प्रवाह वाढतो आणि पेटी जास्त तापते. म्हणजे दाब जुळला तरी उष्णतेचा प्रश्न उरतोच.

मूळ भारतीय संचही पूर्वी रात्रीतून मागे पडत. पुरवठा ४९ हर्ट्झवर राहिला तर घड्याळ तासाला ७२ सेकंद, म्हणजे सात तासांच्या झोपेत आठ मिनिटांहून अधिक हरवते. १९९० च्या दशकात अशी घसरण नित्याची होती. पश्चिम विभागात जुलै २००२ पासून उपलब्धतेवर आधारित दरपद्धती, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी-जास्त घेतलेल्या विजेचा दर कंप्रतेनुसार बदलणारी पद्धत, लागू झाल्यावर कंप्रता सावरली. पुढे ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ असा अरुंद पट्टा ठरला. आता ‘घड्याळ मागे पडते’ ही तक्रार आली तर दोष संचात किंवा घरच्या इन्व्हर्टरमध्ये शोधावा. साध्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर रोहित्र गुणगुणतेही.

विद्युत् सुरक्षितता : हाताळणीत सर्वांत घातक ते जुने व्हॉल्व्हचे (काचेच्या निर्वात नळ्यांचे), बिनरोहित्राचे संच. त्यांत आतला धातूचा सांगाडा थेट पुरवठ्याच्या एका तारेला जोडलेला असतो. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सांगाड्यावर पूर्ण दाब येतो, आणि निखळलेल्या बटणाचा उघडा दांडा धरणाऱ्याला शॉक बसतो. लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजारात किंवा जुन्या वाड्याच्या माळ्यावर असा संच सापडल्यास तो शोभेला ठेवावा, लावून पाहू नये.

नंतरच्या संचांत दुहेरी निरोधन, म्हणजे वीजरोधक आवरणाचे दोन थर, असते; पाठीवर चौकोनात चौकोन अशी खूण दिसते. त्यांना अर्थिंगची तार नसते व लागतही नाही. चपट्या पिनांचा परदेशी प्लग आपल्या गोल भोकांत खुपसणे, किंवा प्लग कापून उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी बोर्डात अडकवणे हे प्रकार आजही दिसतात. सैल जोडणीत ठिणगी पडते, भोक काळे पडते आणि पलंगाच्या डोक्याशी वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास येतो. सहा अँपिअरची योग्य पिन बसवून घेणे हाच उपाय. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे गळती-रोधक, म्हणजे लोक ज्याला ईएलसीबी म्हणतात ते, असावे. ते शॉकपासून वाचवते. तापलेल्या रोहित्रापासून नाही.

त्यासाठी रोहित्राच्या वेटोळ्यात तांब्याच्या तारेला चिकटवून, पिवळ्या टेपखाली दडवलेला शेंगदाण्याएवढा औष्णिक फ्यूज असतो. ठरावीक तापमानाला तो एकदाच तुटतो, पुन्हा जुळत नाही. संच अचानक पूर्ण मेला तर पुष्कळदा हाच गेलेला असतो. दुरुस्तीत तो ‘डायरेक्ट’ करून देण्याची रीत आहे : टेप उचलायची, दोन टोके डाख देऊन जोडायची, वीस मिनिटांत संच चालू. ग्राहक खूश होऊन जातो. त्या दिवसापासून मात्र रोहित्र तापले तर ते थांबवणारे आत काहीच उरत नाही. फ्यूज का तुटला हे न पाहता केलेली ही दुरुस्ती स्वीकारू नये. त्याच तापमानाचा नवा फ्यूज किंवा नवे रोहित्र मागावे.

जागा : पलंगाशेजारच्या स्टुलावर पाण्याचा तांब्या-भांडे ठेवण्याची सवय बहुतेक घरांत आहे, आणि गजर बंद करायला अंधारात चाचपडणारा हात पहिल्यांदा त्यालाच लागतो. पेटीच्या माथ्यावरच हवा जाण्याच्या फटी असतात. पाणी तेथून सरळ रोहित्रावर उतरते. तांब्या खाली, फरशीवर ठेवावा. आकड्यांचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून पेटीवर टॉवेल टाकणे चूक आहे. उजेड कमी करण्याचा खटका नसेल तर पेटी भिंतीकडे वळवावी. मच्छरदाणीची झालर पेटीवर लोळू देऊ नये. एकाच मल्टिप्लगमध्ये डासांचे लिक्विड, मोबाइलचा चार्जर आणि गजर-रेडिओ असा त्रिकूट बांधून तो उशीखाली सरकवलेला असतो, ते टाळावे. पेटी उबदार असल्याने पावसाळ्यात मुंग्या आणि झुरळे आत घर करतात. वर्षातून एकदा पिन काढून फटींवरची धूळ कुंचल्याने झटकावी.

चुंबकीय क्षेत्र : डोक्याशी चोवीस तास चालणाऱ्या रोहित्राचे क्षेत्र अपायकारक आहे का, यावर मतभेद आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये अतिनीच कंप्रतेची चुंबकीय क्षेत्रे ‘कदाचित कर्करोगकारक’ या २-ब गटात टाकली. आधार होता घरातील सरासरी क्षेत्र ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाहून (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) अधिक असलेल्या मुलांतील रक्ताच्या कर्करोगाच्या पाहण्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आढावा घेतला तेव्हा कार्यकारणसंबंध सिद्ध होण्याइतका हा पुरावा भक्कम ठरला नाही, आणि तेच मत अधिक तोलाचे दिसते. ५० हर्ट्झसाठी सर्वसामान्य जनतेची प्रचलित मार्गदर्शक मर्यादा (२०१०) २०० मायक्रोटेस्ला आहे. उशाशेजारचे घड्याळ तिच्या आसपासही जात नाही. तरीही शंका असेल तर फुकटचा उपाय आहे. लहान रोहित्राचे क्षेत्र अंतराच्या साधारण घनाने घटते, म्हणजे अंतर दुप्पट केले की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. उशीला टेकलेली पेटी हातभर लांब सरकवली की वाद शिल्लक राहत नाही. शिवाय उठून बंद करावी लागते, हा फायदा वेगळाच.

सेल : वीज गेल्यावर वेळ पुसली जाऊ नये म्हणून ९ व्होल्टचा चौकोनी सेल घालतात. तो नसेल तर पुरवठा परतल्यावर आकडे १२:०० वर लुकलुकत राहतात आणि गजर होत नाही. भारनियमनाच्या वर्षांत हे दृश्य घरोघर होते. येथे एक गैरसमज नोंदवणे जरूर आहे : बहुतेक संचांत हा सेल फक्त वेळ राखतो, रेडिओ चालवत नाही, आकडेही उजळत नाही. सेलची दोन्ही टोके एकाच बाजूला असल्याने तो किल्ल्या-नाण्यांसोबत खणात टाकू नये, टोके जोडली जाऊन तापतो. नव्या छोट्या संचांत बटणासारखा लिथियम सेल असतो. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. उलटी करवू नये, वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. कप्प्याचे झाकण स्क्रूने बंद होणारेच घ्यावे.

वळीव व पूर : एप्रिल-मे मध्ये वळवाच्या विजा कडाडू लागल्या की पिन काढून ठेवावी. नुसते बटण पुरत नाही. कित्येक संचांत वीजपुरवठ्याची वायरच एफएमची एरियल म्हणून वापरलेली असते, त्यामुळे वायर गुंडाळून ठेवली की आवाजही खरखरतो.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा व ४३ फुटांना धोका गाठते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी शहरातील वस्तीत शिरले. स्टुलावरची, पलंगाखालच्या बोर्डावरची उपकरणे अशा वेळी पहिल्यांदा बुडतात. पातळी वाढू लागताच मेन स्विच पाडून संच माळ्यावर न्यावा. पाण्यात गेलेला संच उन्हात वाळवून लावून पाहू नये. रोहित्राच्या वेटोळ्यांत बसलेला गाळ वाळला तरी ओल धरतो. पूरकाळात बातम्यांसाठी वेगळा, सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टरच कामाचा.

वापर : कोल्हापूरची पहाट पूर्वी अंबाबाईच्या काकड आरतीने आणि शाहू मिलच्या भोंग्याने होई, १९०६ साली स्थापन झालेली ही मिल एकविसाव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. आकाशवाणी कोल्हापूर १०२.७ व टोमॅटो एफएम ९४.३ मेगाहर्ट्झवर लागते. सांगली केंद्र मध्यम लहरींवर १२५१ किलोहर्ट्झला ऐकले जाई. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या संचांचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असल्याने त्यांवर यातले एकही एफएम केंद्र येत नाही. केंद्राची सकाळची सभा, म्हणजे प्रसारण, सुरू होण्याआधीचा गजर रेडिओवर लावल्यास नुसती खरखर ऐकू येते, तेव्हा चारच्या गजराला बझरच लावावा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करणाऱ्यांनी बारा तासांच्या घड्याळातला दुपार दर्शवणारा बारीक ठिपका तपासावा. गजर चुकण्याचे तेच नेहमीचे कारण असते.

विल्हेवाट : निकामी संच ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अधिकृत संकलकाकडे द्यावा, भंगारात नाही. देण्यापूर्वी सेल काढून घ्यावा.