हरण (काव्यशास्त्र)

हरण : दुसऱ्याने योजलेले शब्द किंवा अर्थ आपल्या रचनेत गुंफणे, या अर्थाची संस्कृत काव्यशास्त्रातील संज्ञा. तिची व्याख्या आणि सर्वांत विस्तृत चर्चा राजशेखराच्या काव्यमीमांसेत (स्थूलमानाने इ. स. च्या दहाव्या शतकाचा आरंभ) अकरा ते तेरा या अध्यायांत आढळते. सगळेच हरण राजशेखर चोरीत जमा करीत नाही; त्याज्य आणि अनुग्राह्य असे त्याचे दोन भाग तो आरंभीच पाडतो.

राजशेखर यायावर कुलातला. पणजा अकालजलद याला तो ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणतो, त्यावरून हे घराणे मूळचे महाराष्ट्रातील असावे, असे सामान्यतः मानतात. त्याची कारकीर्द मात्र मुख्यतः कनौजच्या प्रतीहार राजांकडे व काही काळ त्रिपुरीच्या कलचुरींकडे गेली. काव्यमीमांसेची योजना १८ अधिकरणांची होती. त्यांपैकी कविरहस्य हे पहिलेच अधिकरण उपलब्ध असून ते १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचे पहिले पुष्प म्हणून छापले गेले.

विषय राजशेखराच्या आधीचा आहे. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या प्रास्ताविक श्लोकांत अक्षरांची फिरवाफिरव करून मूळ खुणा लपवणाऱ्या कवीला चोर म्हटले आहे. वामनाने (सु. ८००) अर्थाचे ‘अयोनि’ (ज्याला आधीचे मूळ नाही असा) आणि ‘अन्यच्छायायोनि’ (दुसऱ्याच्या छायेतून आलेला) असे दोन प्रकार सांगितले. आनंदवर्धनाने ध्वन्यालोकाच्या चौथ्या उद्द्योतात दोन कवींच्या उक्तींतील साम्याला ‘संवाद’ म्हटले व तो प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा किंवा दोन सारख्या दिसणाऱ्या देहधाऱ्यांसारखा असतो, असे सांगून पहिले दोन टाकाऊ व तिसरा ग्राह्य ठरवला.

राजशेखराचे वर्गीकरण कोठून आले, हा प्रश्न येथे उभा राहतो. तो अर्थाचे अन्ययोनि, निह्नुतयोनि (मूळ झाकलेला) आणि अयोनि असे तीन वर्ग करतो. पहिल्यात प्रतिबिंबकल्प व आलेख्यप्रख्य, दुसऱ्यात तुल्यदेहितुल्य व परपुरप्रवेशसदृश हे प्रकार येतात. चारांपैकी तीन नावे सरळसरळ आनंदवर्धनाच्या उपमानांवरून बेतलेली दिसतात; वर्गांच्या नावांत वामनाचाही ठसा आहे. आनंदवर्धन व राजशेखर या दोघांनी एखाद्या जुन्या, आता लुप्त झालेल्या परंपरेतून ती नावे स्वतंत्रपणे घेतली, असेही म्हणता येईल. परंतु तसा ग्रंथ हाती नसल्याने थेट ऋण मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पाचव्या अध्यायात प्रतिभा श्रेष्ठ की व्युत्पत्ती (बहुश्रुतता) या वादात राजशेखर ‘आनंद’ असा नामोल्लेख करून त्याचे मत देतो, म्हणजे ते लिखाण त्याला परिचित होते. हरणाच्या प्रकरणात मात्र तो हे नाव घेत नाही. चौथा प्रकार परपुरप्रवेशसदृश, म्हणजे मूळ कल्पना एकच पण बाकीची सारी मांडणी दूरवर वेगळी, ही त्याची स्वतःची भर दिसते.

चारही प्रकारांचे प्रत्येकी आठ, असे एकूण ३२ हरणोपाय त्याने सोदाहरण दिले आहेत. शंकराच्या कंठावरील काळे सर्प म्हणजे चंद्रामृताच्या थेंबांनी कालकूट विषाला फुटलेले अंकुर, अशी एका श्लोकातील कल्पना. चंद्रामृताच्या थेंबांऐवजी गंगेचे पाणी शिंपून तीच पुन्हा सांगितली, की प्रतिबिंबकल्प. सर्प पांढरे केले, कंठावरून जटेत नेले आणि विषाऐवजी चंद्ररूपी कंदाचे अंकुर म्हटले, की आलेख्यप्रख्य. प्रतिबिंबकल्पाच्या उपप्रकारांत ‘तैलबिंदू’ म्हणजे थोडक्यातली गोष्ट पसरवून सांगणे आणि ‘छंदोविनिमय’ म्हणजे नुसते वृत्त बदलणे. एका भाषेतील आशय दुसरीत नेणे, याला तो ‘नटनेपथ्य’ म्हणतो. त्याचे उदाहरण महाराष्ट्री प्राकृतातील, गाथासप्तशतीतही असलेल्या एका गाथेचे आहे : प्रवाशाच्या विरहाने रोडावलेली पत्नी कावळ्याला पिंड घालते, तोच हातातले सैल कंकण घसरून पिंडाभोवती पडते आणि फास समजून कावळा त्याला शिवत नाही. याच कावळ्याचा संस्कृत श्लोक शेजारी ठेवला आहे. प्रतिबिंबकल्प कवीचे कवित्वच घालवतो, म्हणून तो सर्वथा टाळावा, असा निर्णय आहे. तो भाषांतरकारांवर अन्याय करणारा आहे, हे उघडच आहे.

शब्दहरण पद, पाद (चरण), अर्ध (श्लोकार्ध), वृत्त व प्रबंध असे पाच प्रकारचे. एखादे पद घेण्यात दोष नाही, हे पूर्वाचार्यांचे मत राजशेखर द्व्यर्थी पदाचा अपवाद करून स्वीकारतो. पैसे मोजून दुसऱ्याची रचना विकत घेणे हेही हरणच, असे तो बजावतो.

अवंतिसुंदरी या राजशेखराच्या विदुषी पत्नीचे मत या प्रकरणात सर्वाधिक चर्चेचे ठरावे. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, वाक्चौर्य मात्र मुलानातवंडांपर्यंत पुसले जात नाही, असा आक्षेप आधी येतो. त्यावर ती म्हणते : तो अप्रसिद्ध, मी प्रसिद्ध, त्याची वाणी गुळवेलीसारखी कडू, माझी द्राक्षासारखी, रचनेचा कर्ता परदेशी किंवा ती जाणणारे हयात नाहीत, अशा कारणांनी हरणात रमावे. हे विधान सरळ परवानगी म्हणून वाचता येते, तसेच चोरांच्या सबबींची उपहासाने केलेली यादी म्हणूनही. राजशेखर लगेच खंडन करीत नाही, आणि कवी व व्यापारी यांत चोर नाही असा कोणी नाही, जो लपवू जाणतो तो निंदेवाचून सुखात राहतो, असा श्लोक पुढे येतो. त्यामुळे पहिले वाचन अधिक संभवनीय वाटते. राजशेखराची कसोटी प्रामाणिकपणाची नसून रूपांतराच्या कसबाची आहे. जुन्या कवींनी तुडवलेल्या वाटेवर न स्पर्शिलेले काही उरलेले नाही, या मताविरुद्ध वाक्पतिराजाचे वचनही तो देतो : सृष्टीच्या आरंभापासून कवी रोज लुटत असले, तरी वाणीच्या भांडाराची मोहर अजून फुटलेली नाही.

अकराव्या शतकात क्षेमेंद्राने कविकंठाभरणात छायोपजीवी, पदकोपजीवी, पादोपजीवी, सकलोपजीवी (दुसऱ्याची छाया, पद, चरण किंवा सगळी रचना यांवर जगणारे) असे कवींचे भेद केले. बाराव्या शतकात हेमचंद्राने काव्यानुशासनात काव्यमीमांसेतील मोठमोठे उतारे जवळजवळ जसेच्या तसे घेतले. पुढे या विषयात नवी भर फारशी दिसत नाही.

मराठी संतांची भूमिका वेगळ्या मुशीतील आहे. ज्ञानेश्वर व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट पुसत चालल्याचे सांगतात. तुकाराम आपण संतांची उच्छिष्टे बोलतो म्हणतात. ऋण येथे लपवायचे नसून मिरवायचे आहे. आधुनिक काळात भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा मांडणीचे रक्षण करतो, कल्पनेचे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य आहे. ते संगणकाने मोजले जात असल्याने मुख्यतः शब्दहरणच सापडते. परपुरप्रवेश सहज निसटतो.