लॅपटॉपच्या वाढीव वॉरंटीची नोंदणी राहून गेली? अजून काय करता येतं

आधी एक गैरसमज दूर करू. वाढीव वॉरंटीची नोंदणी राहिली म्हणून लॅपटॉपसोबत आलेली मूळ वॉरंटी जात नाही. ती सहसा बिलाच्या तारखेपासून आपोआप सुरू झालेली असते. अडकतं ते फक्त पुढचं वर्ष किंवा दोन वर्षं.

ते सुटेल का, हे तुम्ही वाढीव वॉरंटी कशी मिळवली यावर अवलंबून आहे. वेगळे पैसे मोजून पॅक घेतला असेल आणि फक्त कोड टाकून सुरू करायचं राहिलं असेल, तर तुमची बाजू भक्कम. पैसे घेतलेत, सेवा दिलेली नाही; मग एक तर पॅक सुरू करा, नाही तर रक्कम परत द्या, असं सरळ मागता येतं. सणाच्या ऑफरमध्ये ‘अमुक दिवसांत नोंदणी करा, एक वर्ष मोफत’ असं असेल तर हक्क लंगडा पडतो, कारण मुदत ही त्या ऑफरचीच अट असते. तरी विनंती करावी. आणि पॅक घेतलेलाच नसेल तर मूळ वॉरंटी संपण्याआधी विकत घ्या. संपल्यावर काही कंपन्या मशीन तपासून देतात, काही देतच नाहीत.

मुदत खरंच उलटली आहे का, हे मात्र कंपनीच्या वेबसाइटवर सिरियल नंबर टाकून स्वतः पाहा. कधी दुकानदाराने नोंदणी आधीच करून ठेवलेली असते. कधी वेबसाइटवर वॉरंटीची सुरुवात माल कारखान्यातून निघाल्याच्या तारखेपासून धरलेली दिसते; बिल पाठवलं की ती दुरुस्त होते आणि गेलेले दिवस परत मिळतात. ऑनलाइन खरेदीत आणखी एक भानगड. दिवाळी सेलमध्ये बिल निघतं भिवंडीच्या गोदामात आणि खोका दहिसरला पोचतो आठवड्याने. अटींमध्ये मुदत बिलापासून की डिलिव्हरीपासून ते नीट वाचा. स्पष्ट लिहिलेलं नसेल तर डिलिव्हरीचा मेसेज जोडून तीच तारीख धरायला सांगा.

कागदपत्रांत सगळ्यात मोलाचं जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर आणि पॅकची वेगळी ओळ असलेलं. लॅमिंग्टन रोड असो की मॉल, कच्च्या चिठ्ठीवर पुढे कुणी उभं करत नाही. त्यासोबत लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरचा आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो, पैसे भरल्याचा पुरावा (यूपीआय किंवा कार्डाचं स्टेटमेंट), ऑफरची जाहिरात किंवा अटींचा स्क्रीनशॉट. पॅकचं कार्ड अनेकदा बिलामागे स्टेपल केलेल्या पाकिटात पडून असतं, कोडवरची पट्टीही न खरवडलेली. तशीच ठेवा आणि तसाच फोटो काढा; कोड वापरलेला नाही, हे त्यातून दिसतं.

अर्ज कुणाकडे करायचा, इथे बरेच जण चुकतात. मोठी दुकानं विकतात तो प्लॅन पुष्कळदा दुकानाचा किंवा तिसऱ्याच कंपनीचा असतो. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. बिलावर प्लॅन कुणाच्या नावाचा आहे ते पाहून त्यांनाच लिहा. फोनवर बोललात तरी तक्रार क्रमांक घ्या आणि मेल कराच. मेलमध्ये खरेदीची तारीख, सिरियल नंबर, उशिराचं एका ओळीतलं कारण आणि मागणी, बस. मशीन बिघडलं असेल तर लपवू नका. सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत ते येतंच. बिघाड होण्याआधी केलेल्या अर्जाला होकार मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून मुदत गेल्याचं लक्षात आलं त्याच दिवशी लिहा.

ऑनलाइन घेतलं असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीत बोलता येतं, फी नाही. हेल्पलाइन हुकूम काढू शकत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते. पण तेवढ्यानेही पुष्कळ प्रकरणं हलतात.

शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असलं तरी. मुंबई शहरासाठी परळला, उपनगरांसाठी वांद्रे पूर्वेला. सरकारच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्याही दाखल होते. मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत 2 वर्षं. बिल कंपनीच्या जीएसटी नंबरवर काढलं असेल तर ‘खरेदी व्यावसायिक आहे’ असा आक्षेप येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः वापरत असाल तर कायद्यात सूट आहे. तसं तक्रारीतच लिहून टाका.