रात्रीची लाईन आणि सकाळचं जड डोकं

हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की आमच्याकडे गजर रात्री एकचा लागतो. मोटारपंपाची लाईन, म्हणजे वीज, तेव्हाचीच असते. कानटोपी घालून, बॅटरी घेऊन वावरात जायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, स्प्रिंकलर फिरू लागले की धुऱ्यावर शेकत बसायचं. तीन-चार तासांनी पाईप बदलायचे. पहाटे घरी येऊन पडलेल्या माणसाला आठला उठवलं तर आंग दगडासारखं. घरचे म्हणतात, आळस भरलाय.

आळस कसला! झोपेचा एक फेरा साधारण दीड तासाचा असतो आणि गाढ झोप बहुतेक पहिल्या दोन फेऱ्यांतच होते. अकराला पाठ टेकून एकला उठणारा नेमका तिथूनच ओढून काढला जातो. तेव्हा मेंदू एका झटक्यात जागा होत नाही. चालणं-बोलणं सुरू होतं, पण निर्णय घेणारा कपाळामागचा भाग मागे रेंगाळतो. ही गुंगी बहुधा पंधरा मिनिटं ते अर्धा तास राहते. आधीची झोप अपुरी असेल तर जास्त. म्हणून उठल्याउठल्या ओल्या हातानं स्टार्टरशी खेळू नये. चार-पाचच्या सुमारासही जपावं, तेव्हा शरीराचं तापमान सगळ्यात खाली आणि सावधपणाही तसाच.

चहानं झोप भागत नाही. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचतं, तेच डोळे जड करतं. चहातलं कॅफिन त्याच्या मेंदूतल्या जागा अडवतं, एवढंच. साचलेलं तसंच राहतं. शिवाय पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफिन रक्तात असतं. त्यामुळे चहा रात्री निघताना घ्यावा, परतताना नाही. दुपारी मात्र चहा पिऊन लगेच वीस मिनिटं बाजेवर पडून पाहा: कॅफिन चढायला तेवढाच वेळ लागतो, जाग हलकी येते.

खरी अडचण उजेडाची. शरीराच्या घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लावलं जातं. उगवत्या उन्हात घरी येताना ते म्हणतं, दिवस झाला, आणि झोप उडते. एरवी रात्री झोपणाऱ्यानं हेच ऊन उठल्याबरोबर अंगणात घ्यावं, गुंगी लवकर उतरते. पुरती झोप होऊनही महिनोन्‌महिने थकवा असेल तर रक्त तपासून घ्यावं. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, पंडुरोग (रक्त कमी असणं) आहे.

रात्रीच्या ओलितावरून येणाऱ्यानं मात्र बांधावरूनच दुपट्टा कपाळावर ओढून घ्यावा, आणि घरच्यांनी खिडकीला जाड गोधडी लावून ठेवावी.