कनेक्टिंग रॉड तोलायचा तर दोन्ही टोकांनी

कनेक्टिंग रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा दुवा. मारुती ८००चं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरपासून खालपर्यंतची धाव, ७२ मिमी. म्हणजे क्रँकशाफ्टच्या मध्यापासून क्रँकपिनचा (रॉडचं मोठं टोक बसतं त्या पिनेचा) मध्य ३६ मिमीवर. ६००० आरपीएमला हा क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो. त्या वेगात एका कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक बाकीच्यांपेक्षा १० ग्रॅमने जड असेल, तर ते जादा १० ग्रॅम साडेचौदा किलोच्या जोराने बाहेर ओढतात. वेग निम्मा केला की जोर पाव होतो. म्हणून शहरात ज्याचा पत्ताही लागत नाही, तो फरक हायवेला जाणवतो.

मग सगळे रॉड काट्यावर ठेवायचे आणि जड असेल तो घासायचा, एवढंच? नाही. क्रँकपिनवर बसणारं मोठं टोक गोल फिरतं. गजन पिनेचं, म्हणजे रॉड पिस्टनला जोडणाऱ्या पिनेचं, लहान टोक पिस्टनबरोबर सरळ रेषेत खालीवर करतं. दोघांचे जोर वेगळ्या तऱ्हेने वागतात. समजा, दोन रॉड प्रत्येकी ४०० ग्रॅमचे आहेत, पण एकाचं वाटप २८०-१२० आणि दुसऱ्याचं २८४-११६. काटा म्हणेल सारखे, इंजिन म्हणेल नाही. लांब वासा दोघांनी उचलला तर जाड बुंध्याकडच्याच्या खांद्यावर जास्त भार येतो. आपल्याला दोन्ही खांद्यांवरचा भार वेगवेगळा हवा आहे.

ते घरी जमतं. लाकडी चौकटीला वरून बारीक तार बांधून लहान टोक लटकवायचं. मोठ्या टोकाच्या भोकात घट्ट बसणारा ठोकळा घालायचा, त्याच्या मध्यातून जाणारी पिन एका छोट्या बॉल बेअरिंगमध्ये बसवायची आणि ते बेअरिंग काट्यावरच्या स्टँडवर उभं करायचं. काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, तसे स्वस्तात मिळतात. दोन्ही भोकांचे मध्य एका पातळीत हवेत आणि तार ओळंब्यात. तार तिरकी झाली की ती रॉडला आडवं ओढते आणि आकडा भरकटतो. बेअरिंगमधलं ग्रीस रॉकेलने धुऊन पातळ तेलाचा थेंब टाकावा. ग्रीस अडलं की एकच रॉड दर वेळी नवं वजन सांगतो. नंतर उलटं करून लहान टोक तोलायचं. दोन्ही आकड्यांची बेरीज रॉडच्या एकूण वजनाएवढी आली पाहिजे. नाही आली तर आधी चौकट सुधारा.

काटा दोन ग्रॅम चुकीचा असेल, पण दर वेळी तेवढाच, तरी आपलं काम अडत नाही; वरची बेरीजही तेवढ्यानेच चुकेल, ते धरून चालायचं. आपल्याला वजन नको, बरोबरी हवी. घरगुती जुगाडावर माझा विश्वास आहे तो एवढ्याचसाठी.

आता घासणं. सगळ्यात हलकं मोठं टोक आणि सगळ्यात हलकं लहान टोक, हे दोन आकडे लक्ष्य. बऱ्याच रॉडना कॅपखाली (कॅप म्हणजे मोठ्या टोकाचा बोल्टने बसणारा सुटा अर्धा भाग) आणि लहान टोकाच्या डोक्यावर त्यासाठीच उंचवटे सोडलेले असतात. इथे एक गंमत होते. भोकांच्या मध्यांत १२० मिमी अंतर आहे आणि तुम्ही कॅपखालून, मध्याच्या ३० मिमी पलीकडून, ४ ग्रॅम काढले असं धरा. मोठं टोक ४ नव्हे, ५ ग्रॅमने हलकं होतं आणि ज्याला हातही लावला नाही ते लहान टोक १ ग्रॅमने जड होतं! कारण पलीकडचं ते लोखंड लहान टोकाला उचलून धरत होतं. त्यामुळे एकदाच हिशेब करून भागत नाही. थोडं घासा, धुवा, पुन्हा दोन्ही टोकं तोला.

ग्राइंडरच्या खुणा रॉडच्या लांबीच्या दिशेने ठेवून पॉलिश पेपरने मिटवाव्यात. आडवा ओरखडा म्हणजे तडा जायला तयार जागा. मधल्या दांड्याला आणि बोल्टला हात लावू नये, लोखंड निळं पडेपर्यंत तापवू नये. कॅप ज्या रॉडची त्यालाच, त्याच बाजूने.

पिस्टन आणि पिनाही सारख्या वजनाच्या करून घ्याव्यात, ते सोपं आहे. एवढं करूनही ८००चं इंजिन थोडं डोलणारच. तीन सिलिंडरांचे जोर एकमेकांना खोडतात, पण ते एका रेषेत नसल्यामुळे इंजिनाची दोन टोकं आळीपाळीने वरखाली होऊ पाहतात. तो दोष वजनाचा नाही, मांडणीचा. त्याचा धक्का इंजिन माउंटिंगच्या रबराने सोसायचा.