जीएसची निवडणूक कुठे गेली?

आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारा, तुमचा जीएस कोण? बहुतेकांना प्रश्नच कळणार नाही. त्यांच्या आईबापांना मात्र जीएस (जनरल सेक्रेटरी), यूआर (विद्यापीठ प्रतिनिधी), सीआर (वर्ग प्रतिनिधी), एलआर (मुलींची प्रतिनिधी) ही सगळी अक्षरं अजून पाठ असतात. मधल्या तीसेक वर्षांत कॉलेजातली मतपेटी कशी गेली आणि कायद्याने परत येऊनही वर्गापर्यंत का पोचली नाही, त्याची ही पार्श्वभूमी.

विद्यार्थ्याने राजकारणात पडावं का, हा वाद आपल्याकडे निवडणुकांहून जुना आहे. 1905 मध्ये पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. तीत पुढाकार घेणाऱ्या फर्ग्युसनच्या विद्यार्थ्याला, म्हणजे सावरकरांना, प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. टिळकांनी ‘केसरी’तून प्राचार्यांवर टीका केली. त्याच महिन्यात बंगालमध्ये सरकारने विद्यार्थ्यांना सभा-मिरवणुकांपासून दूर ठेवण्याचं परिपत्रक काढलं होतं. विद्यार्थी म्हणजे पालकांच्या वतीने संस्थेने सांभाळायचं मूल, ही समजूत तेव्हापासून चालत आली आहे, आणि स्वातंत्र्यानंतरही ती फारशी हलली नाही.

ती हलली साठच्या दशकाच्या शेवटी. 1967 मध्ये पुण्यात युवक क्रांती दल ही तरुणांची संघटना उभी राहिली. विद्यापीठांचा कारभार कसा असावा हे ठरवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने एक समिती नेमली. अध्यक्ष होते न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर, देशाचे माजी सरन्यायाधीश आणि तेव्हा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांचा सहभाग हवा, हे या समितीने स्पष्ट मांडलं. पुढे 1974 मध्ये महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे कायदे नव्याने झाले. त्याच काळात शेजारच्या गुजरातेत अहमदाबादच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मेसच्या वाढलेल्या बिलावरून पेटलेलं नवनिर्माण आंदोलन मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांचा राजीनामा घेऊनच थांबलं होतं. विद्यार्थ्यांना सभागृहात जागा दिली नाही तर ते रस्त्यावर येतात, हे सरकारांना तेव्हा नीट कळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

कॉलेजच्या राजकारणातून माणसंही घडत होती. शरद पवार पुण्याच्या बीएमसीसीत असताना विद्यार्थी नेते होते. नितीन गडकरी नागपुरात अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेतून आले. पण ऐंशीच्या दशकात बाहेरच्या पक्षांचा पैसा आणि दंडेली आत शिरली. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या एनएसयूआयच्या, म्हणजे काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेच्या, कार्यकर्त्याचा खून झाला. निवडणुका बंद झाल्या त्याचं कारण म्हणून आजही पहिल्यांदा हेच प्रकरण सांगितलं जातं.

योगायोग असा की त्याच 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं. म्हणजे एस. वाय.ला असलेल्या मुलीला देशाचा खासदार निवडण्याचा हक्क मिळाला, आणि पाच वर्षांत आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क गेला. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक मोडीत काढली. वर्गात आदल्या वर्षी ज्याला सर्वाधिक गुण, तो वर्गाचा प्रतिनिधी. त्याच्या जोडीला खेळ, एनसीसी, एनएसएस, सांस्कृतिक कार्यक्रम यांतल्या चमकदार मुलांना आणि दोन विद्यार्थिनींना प्राचार्यांनी नेमायचं. अशा बनलेल्या कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष प्राचार्य स्वतःच. या मूठभर नेमलेल्यांनी आपल्यातून एक जण निवडायचा, तो यूआर.

गुणवत्तेला मान दिला, असं ऐकायला छान वाटतं. पण पहिला येणारा मुलगा लायब्ररी रात्री आठलाच का बंद होते म्हणून भांडेल, याची खात्री काय? त्याची स्वतःची इंटर्नलची मार्कं त्याच शिक्षकांच्या हातात. आणि पैसा, दबाव थांबला का? मतदार कमी झाले एवढंच. यूआरच्या निवडणुकीआधी मतदार पोरांना पळवून कुठल्याशा फार्महाऊसवर ठेवल्याच्या बातम्या त्या काळात वाचलेल्यांना आठवत असतील.

तिकडे केरळातला एक वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला: कॉलेजला आवारात राजकारणावर बंदी घालता येते का? न्यायालयाच्या सांगण्यावरून माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांची समिती नेमली गेली आणि सप्टेंबर 2006 मध्ये न्यायालयाने तिच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराचा खर्च जास्तीत जास्त पाच हजार रुपये, छापील पोस्टर नाही, हजेरी 75 टक्के, पदवीच्या उमेदवाराचं वय 17 ते 22, सगळी प्रक्रिया दहा दिवसांत. नियम काहींना जाचक वाटतात, आणि पाच हजारांची मर्यादा कागदावरच राहते हे दिल्ली विद्यापीठातल्या निवडणुका पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने मात्र त्यातलं दुसरंच एक वाक्य महत्त्वाचं होतं. वातावरण फारच बिघडलं असेल तिथे नेमणुकीची पद्धत चालेल, पण ती तात्पुरती; पाच वर्षांत निवडणुकीकडे यायचं. आपल्याकडे ही तात्पुरती पद्धत तोवर बारा वर्षं चालली होती.

2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला तो निगवेकर, ताकवले आणि काकोडकर समित्यांनी आधी करून ठेवलेल्या मंथनानंतर. 1 मार्च 2017 पासून तो लागू झाला. त्याने थेट निवडणूक परत आणली: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी. विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, जागा. कागदावर चांगलंच काम होतं.

मग नियमावली, मग तारखा. 2019 च्या पावसाळ्यात मुहूर्त लागला आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर आल्याने निवडणुका पुढे गेल्या. मार्च 2020 मध्ये कोरोनाने कॉलेजंच बंद केली. पुढे कॉलेजं उघडली, विधानसभाही पुन्हा झाली, पण कॉलेजच्या निवडणुकीची घाई कुणालाच नव्हती. सत्तेवर कोणताही पक्ष असो. पक्षांना आपल्या पोरांची संघटना मतदारांना उत्तर द्यावं न लागणारी असलेलीच सोयीची, हा माझा अंदाज.

मुंबई विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक मात्र गाजते. 2023 मध्ये ती ऐनवेळी थांबवली, प्रकरण हायकोर्टात गेलं, सप्टेंबर 2024 मध्ये मतदान झालं आणि युवासेनेने (ठाकरे) पदवीधरांच्या दहाही जागा जिंकल्या. टीव्हीवर तिला सर्रास ‘विद्यार्थ्यांची निवडणूक’ म्हटलं गेलं. ती नोंदणीकृत पदवीधरांची असते; आज वर्गात बसलेल्याला त्यात मत नाही.

मत नाही, तर तक्रार तरी? पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणाच्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 2015 मध्ये 139 दिवस संप केला, कारण संस्थेच्या अध्यक्षाच्या नेमणुकीवर त्यांना दुसरीकडे कुठे बोलता येत नव्हतं. अनुदान आयोगाने त्यानंतर तक्रार निवारणाचे नियम दोनदा नव्याने लिहिले, 2019 आणि 2023 मध्ये. आता प्रत्येक संस्थेत तक्रार निवारण समिती हवी, तिने 15 कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, आणि समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. प्रवेश रद्द केल्यावर फी परत न देणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं या रोजच्या छळवादावर याचा खरोखर उपयोग होतो, आणि विद्यार्थ्यांनी तो करावा. या समितीत एक विद्यार्थीही बसतो, विशेष निमंत्रित म्हणून. त्याची निवड होते ती अभ्यासातल्या, खेळातल्या किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवरून.